हीटरच्या डोक्यावरची दुपटी

थंडी आली हे आमच्या घरात कॅलेंडरवरून नाही, वासावरून कळतं. माळ्यावरून तेलाचा हीटर खाली येतो. त्याच्या फासळ्यांमध्ये वर्षभराची धूळ बसलेली असते आणि पहिल्यांदा बटण दाबलं की ती धूळ भाजल्याचा वास खोलीभर पसरतो. थोडा जुन्या गोधडीसारखा, थोडा करपलेल्या रव्यासारखा. माझी बायको माला म्हणते, आधी फडक्यानं पुसा अन् मग लावा. दरवर्षी म्हणते. दरवर्षी मी म्हणतो, पुढच्या वर्षी नक्की. खरं सांगायचं तर तो वास मला हवा असतो. त्यात पाच वर्षांपूर्वीचा एक हिवाळा आहे. ओवा, डिंक, कोमट तेल आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या टाळूचा वास असलेला.

यंदा हीटर लवकर खाली आला, कारण ते तेव्हाचं बाळ स्वतःच्या पायानं चालत घरी आलं. माझी नात मैत्री, आईबरोबर नाशिकहून. आल्या आल्या तिनं पायांतले बूट भिरकावले, हीटरसमोर बसकण मारली आणि त्याची गोल खुंटी शेवटापर्यंत फिरवून जाहीर केलं, "आबा, फुल्ल केलं. आता पटकन गरम होणार."

मला हसू आलं आणि मागोमाग थोडं ओशाळल्यासारखंही झालं. कारण अगदी हेच वाक्य, याच खोलीत, याच खुंटीवर हात ठेवून मी म्हटलं होतं. माझं वय तेव्हा बावन्न होतं.

आमचं गाव उन्हाळ्याचं. इथली घरं बांधणाऱ्यांच्या डोक्यात फक्त एप्रिल आणि मे असतो. पुंडलिकनगरातलं आमचं घर बघा. खाली शहाबादी फरशी, वर उंच छत, समोरासमोर खिडक्या, आणि हॉलच्या खिडकीत बाहेरच्या बाजूनं टांगलेला कूलर. उन्हाळ्यात हे सगळं कसं गार गार. पण डिसेंबरात हेच घर आपल्यावर उलटतं. फरशीवर पाय ठेवला की गारठा थेट गुडघ्यापर्यंत चढतो. आणि कूलर? तो म्हणजे भिंतीला पाडलेलं भोक. पहाटे पडेगावच्या मोकळ्या माळावरून निघालेला वारा सगळं शहर ओलांडून नेमका आमच्या कूलरमधून आत येतो, असं मालाचं मत आहे. वाऱ्याला आमचा पत्ता पाठ आहे म्हणते.

बाकी या शहराची थंडी तशी गोड. सकाळी गारखेड्याकडं फिरायला जाणारी मंडळी कानटोप्यांमुळे ओळखू येत नाहीत, त्यामुळे कुणाशीही न बोलता निघून जाता येतं. चहाच्या गाडीवर ग्लास पिण्यासाठी कमी आणि धरण्यासाठी जास्त घेतला जातो. दहा वाजले की गच्चीवर ऊन येतं आणि अर्धं शहर उन्हाला पाठ करून पेरू खात बसतं. म्हणजे थंडी आमच्याकडं पाहुणी. चार दिवस यावं, कौतुक करून घ्यावं, जावं. तिच्यासाठी घरात वेगळी सोय कुणी करत नाही.

पण त्या वर्षी आमच्याकडं आणखी एक पाहुणी आली, आणि सांगितल्यापेक्षा महिनाभर आधी आली.

आमची लेक प्रज्ञा बाळंतपणाला माहेरी आली होती. मालानं डिंक, खारका, अळीव सगळं आणून ठेवलं होतं. निवांत करू, अजून वेळ आहे, असं चाललेलं. आणि एका दुपारी, भाजी निवडता निवडता, प्रज्ञाचं पोट दुखायला लागलं. संध्याकाळी मी एका काचेतून माझी नात पाहिली. एक किलो आठशे ग्रॅम. अंगावर टोपरं आणि मोजे, बाकी सगळं जणू राहून गेलेलं. त्या काचेच्या पेटीत ती बारा दिवस होती. प्रज्ञा दर दोन तासांनी तिथं जाऊन बसायची आणि काचेवर हात ठेवायची. काच आतून गरम असते म्हणाली. जणू तेवढाच तिला लेकीचा स्पर्श.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी प्रज्ञाला समोर बसवून सांगितलं, की हिला छातीशी धरायचं, दर दोन तासांनी पाजायचं, वजन दोन किलो होईपर्यंत अंघोळ नाही, आणि खोली ऊबदार ठेवायची. पण शेगडी नको, धुरी नको, निखारे नकोत, धूर अजिबात नको. दर सोमवारी वजनाला आणायचं. वजन वाढलं नाही तर परत पेटीत ठेवावं लागेल.

शेवटचं वाक्य प्रज्ञानं ऐकलं आणि तेव्हापासून घरात सगळं त्या वाक्याभोवती फिरायला लागलं.

शेगडी नाही म्हटल्यावर मालाचा चेहरा पडला. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी नाही म्हणजे ते कसलं बाळंतपण. तिच्या माहेरी कन्नडकडं तर शेगडी विझली की सगळं घर धावायचं. पण डॉक्टरीणबाईंपुढं कुणाचं चालणार. मग जावईबापूंनी नाशिकहून हा हीटर पाठवला. पांढरा, चाकांवर फिरणारा, अकरा फासळ्यांचा. सोबत जाडजूड पुस्तिका. माला म्हणाली, वाचा. मी म्हणालो, मला कोण शिकवणार.

आता इथं मला माझ्या नोकरीबद्दल सांगावं लागेल, म्हणजे पुढचा पाणउतारा नीट कळेल. मी वाळूजकडच्या एका कारखान्यात तापमानाची उपकरणं सांभाळतो. लोखंडी भागांना रंग भाजून चढवायच्या मोठमोठ्या भट्ट्या आहेत, त्या किती तापल्या, कुठं थांबल्या, हे बघणं माझं काम. तेव्हाच त्याला तीस वर्षं झालेली. नवीन भरती झाली की पोरांना पहिल्या दिवशी मी एक भाषण देतो, त्याला कारखान्यात लोक 'रिक्षाचं भाषण' म्हणतात. पोरांनो, थर्मोस्टॅटची खुंटी म्हणजे स्कूटरची मूठ नव्हे. पिळली म्हणून भट्टी पळत नाही. खुंटी म्हणजे रिक्षावाल्याला सांगितलेला पत्ता. क्रांती चौक सांगा नाहीतर दौलताबाद सांगा, रिक्षा त्याच वेगानं जाणार. लांबचा पत्ता सांगितला तर एवढंच होईल, की तुमचा चौक मागं पडेल आणि ती पुढं जात राहील. पोरं हसतात, लिहून घेतात.

तर असा हा मी. हीटर जोडला, खोलीत प्रज्ञा बाळाला घेऊन बसलेली, बाळाचे पाय हाताला गार लागले, आणि मी सरळ खाली वाकून खुंटी शेवटापर्यंत पिळली. म्हणालो, "फुल्ल केलंय. आता पटकन गरम होईल."

अर्थातच पटकन काही झालं नाही. हीटरला लागायचा तेवढा वेळ लागला, आणि मग तो थांबेचना. तासाभरानं खोलीची भट्टी झाली. मालाचा पदर कपाळाला चिकटला, बाळ लालबुंद. मी घाईघाईनं खुंटी पार खाली आणली, खिडकी उघडली, खोली गार पडली. पुन्हा वर. मी ऑफिसला गेलो की माला तिच्या अंदाजानं एक रेघ चढवायची, प्रज्ञा तिच्या काळजीनं दोन उतरवायची. तिघांपैकी कुणीच बोलून दाखवायचं नाही. त्या खुंटीला त्या आठवड्यात जेवढे हात लागले तेवढे बाळालाही लागले नसतील. आणि ऐका, कारखान्यात माझ्या हाताखाली चाळीस थर्मामीटर आहेत. घरातल्या भिंतीवर एक नव्हता. खोली किती गरम आहे हे मी गालाला हात लावून ठरवत होतो. स्वतःच्या.

काळजीचं असंच असतं का, कोण जाणे. माणूस जे दुसऱ्याला शिकवून शिकवून थकलेला असतो, ते नेमकं घरच्या उंबऱ्याशी चपलांसोबत काढून ठेवतो. आपल्या माणसाला थंडी वाजतेय म्हटलं की हात आपोआप शेवटच्या रेघेकडं जातो. मधली रेघ कुठं तरी कमी माया केल्यासारखी वाटते.

एक काम मात्र मी अक्कल वापरून केलं. कूलरच्या भोकात जुनी सतरंजी कोंबली, वरून पुठ्ठा लावला, चिकटपट्टी मारली. त्या एका सतरंजीनं जेवढा फरक पडला तेवढा खुंटीनं आठवडाभरात पडला नव्हता. खोली ऊब धरायला लागली. मग मी खुंटी मधल्या रेघेवर आणली, तिथं खडूनं खूण केली आणि सगळ्यांना बजावलं, की हिला आता कुणी हात लावायचा नाही. दोन दिवस हीटर शहाण्यासारखा वागला. गरम झाला की टक् करून थांबायचा, खोली जराशी उतरली की टक् करून सुरू व्हायचा. त्या आवाजाची सवय झाली. घरात कुणी जुनं माणूस बसल्या बसल्या हुंकार देतं तसा तो टक्.

आणि मग मी तो शोध लावला.

लहान बाळाचे कपडे दिवस मावळल्यावर बाहेर वाळत ठेवायचे नसतात. का, ते मला माहीत नाही. मालालाही माहीत नाही. आम्ही असलं काही मानणारी माणसं नाही. विहारात रविवारी याच विषयावर मी एकदा पाऊण तास बोललेलो आहे. पण मानत नाही म्हणून मोडतोच असंही नाही. त्यातून बाळ एवढंसं. तर तिन्हीसांजेला मी गच्चीवरून सगळी दुपटी, लंगोट, झबली खाली आणायचो, अर्धवट ओली. डिसेंबरातलं ऊन ते केवढं. ती घालायची कुठं? माझी नजर हीटरवर गेली. अकरा फासळ्या, ओळीनं, जणू दोरीच. मी दुपटी नीट दुमडून त्यावर पसरली. काठाकाठानं, खुंटीसुद्धा झाकेल अशी. सकाळी सगळी खडखडीत वाळलेली आणि उबदार. मला स्वतःचं एवढं कौतुक वाटलं, की मी ऑफिसात चौघांना सांगितलं.

त्या दिवसापासून संध्याकाळी खोली गार राहायला लागली.

कुणाच्याच लक्षात येईना. हीटरला हात लावावा तर चटका बसतोय, आणि खोलीत मात्र प्रज्ञा शाल लपेटून बसलेली. मी व्होल्टेजला दोष दिला, हीटर बनवणाऱ्याला दिला, मनातल्या मनात जावईबापूंनाही दिला. खडूची खूण पुसून खुंटी पुन्हा शेवटच्या रेघेवर गेली. काही उपयोग नाही. दोनचार मिनिटं चालायचा आणि टक्.

सोमवारी वजन केलं. आधीच्या सोमवारपेक्षा एक ग्रॅमही जास्त नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, खोली गरम असते ना? आम्ही तिघांनी एकदम हो म्हटलं. त्या म्हणाल्या, मग आठ दिवस अजून बघू. एवढ्याशा बाळाला थंडी वाजली की ते प्यायलेलं दूध अंग गरम ठेवण्यातच खर्च करतं, वाढायला काही उरत नाही. परतीच्या रिक्षात प्रज्ञा कडेला बसली होती. बाळ पदराखाली, आणि तिची नजर बाहेर. घरी येऊन तिनं फक्त एवढं विचारलं, पेटीतलं एक दिवसाचं किती घेतात. मालानं तिला गप्प केलं. स्वयंपाकघरात जाऊन मग स्वतः रडली.

हमीदाबी रोज सकाळी प्रज्ञाच्या अंगाला तेल लावायला यायची. पुंडलिकनगर आणि आसपासच्या निम्म्या बाळंतिणींची पाठ तिच्या हाताखालून गेलेली. बाळाला अजून तिचा हात लागायचा नव्हता, म्हणून ती लांबूनच त्याच्याशी बोलायची, कधी मराठीत, कधी तिच्या दखनीत. सकाळी येत असल्यामुळे हीटरवरची माझी कलाकुसर तिनं कधी पाहिलेली नव्हती. तोवर वाळलेल्या दुपट्यांच्या घड्या होऊन गेलेल्या असायच्या. पण त्याच आठवड्यात तिच्या भाचीचं लग्न होतं, म्हणून एक दिवस ती संध्याकाळी आली. माला आणि प्रज्ञा आत तेल कोमट करत होत्या. खोलीत मी, पाळण्यात बाळ, आणि कोपऱ्यात दुपट्यांनी सजलेला हीटर.

ती दारातच थांबली. म्हणाली, "साहेब, ये लंगोटां इसके सर पे कायकू?"

मी सांगितलं, वाळायला. थोडं अभिमानानंच सांगितलं.

"अन् खोली गार कशानं म्हणतो मग? डोक्यावरून रजई घेतलेल्याला बाहेरची थंडी कशी कळंल?"

एवढं बोलून तिनं सगळी दुपटी गोळा केली आणि खुर्चीच्या पाठीवर टाकली. मी खुर्चीशेजारी उभा. थोडा वेळ गेला. टक्.

हीटर सुरू झाला.

तीस वर्षं. मला एकदम कारखान्यातला एक पोरगा आठवला, ज्यानं पावसात भिजलेला रेनकोट भट्टीच्या तापमान मोजणाऱ्या दांडीवर वाळत घातला होता. त्याला मी सगळ्यांसमोर विचारलं होतं, की अरे, यंत्राचे डोळे झाकलेस तर त्याला जग कसं दिसणार? त्याचं तोंड केवढंसं झालं होतं. हीटरला खोलीची काही कल्पनाच नव्हती. त्याला फक्त दुपट्याखालची गरम हवा माहीत होती, आणि तिथं सगळं छान चाललेलं होतं. तो बिचारा प्रामाणिकपणे थांबत होता. आणि पाळण्यात माझी नात, दोन किलोसुद्धा नसलेली, स्वतःचं दूध जाळून स्वतःची खोली तापवत होती.

हमीदाबीनं माझ्याकडं पाहिलं. मी काय म्हणणार होतो ते तिला माझ्या तोंडावरच दिसलं असणार. म्हणाली, "हौ साहेब, नै बोलती मैं." आणि आत गेली.

मागोमाग मी आत जाऊन सांगितलं, की हीटरमध्ये बिघाड होता, मी दुरुस्त केला. मालानं मला एक डिंकाचा लाडू जास्तीचा दिला. मी तो खाल्ला. यापेक्षा कडू लाडू मी आयुष्यात खाल्लेला नाही, आणि त्यात मालाची काहीही चूक नव्हती. त्याच संध्याकाळी मी दुपट्यांसाठी स्वयंपाकघरात दोरी बांधली आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या वाटेवरून भिंतीवर लावायचा थर्मामीटर घेऊन आलो.

पुढच्या सोमवारी वजन दीडशे ग्रॅमनं वाढलं. त्याच्या पुढच्या सोमवारी दोन किलोच्या वर काटा गेला आणि डॉक्टरीणबाईंनी, आता अंघोळ घाला, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी हमीदाबीनं दोन्ही पाय लांब करून, पायांवर बाळाला पालथं घालून पहिली अंघोळ घातली. बाळ असं काही ओरडलं, की शेजारच्यांनी गॅलरीतून चौकशी केली. एवढा आवाज आत कुठं ठेवला होता, असं आम्ही एकमेकांना विचारत राहिलो. खुंटी मधल्या रेघेवर होती. कोपऱ्यात हीटर, उघड्या डोक्याचा, आपल्या चालीनं टक् करत होता.

एवढी सगळी हकिकत मी पाच वर्षं पोटात ठेवली. मोठं काही नाही, असं मी स्वतःला सांगायचो. बाळ वाढलं, गोष्ट संपली.

परवाची गोष्ट. मैत्रीनं गच्चीवरच्या बादलीत खेळून मोजे ओले केले आणि खाली येऊन ते हीटरवर पसरले, अगदी माझ्यासारखे, काठाकाठानं. मी जेवत होतो. टक् ऐकू आलं आणि मी ताट सोडून उष्ट्या हातानं उठलो, मोजे ओढून काढले. एवढ्या वेगानं उठलो की मैत्री दचकली. प्रज्ञा म्हणाली, "पप्पा, मोजेच आहेत. काय झालं?"

मग मी सांगितलं. ताटावर परत बसलो आणि सगळं सांगून टाकलं. दुपटी, हमीदाबी, तो लाडू. थोडं हसवत सांगितलं, मला जमतं तसं. रिक्षाच्या भाषणावर माला हसली. शेवटी प्रज्ञाकडं पाहिलं तर ती हसत नव्हती.

ती हीटरकडं बघत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "मला वाटायचं माझंच दूध पुरत नाही."

पाच वर्षं मी माझी अब्रू झाकून बसलो होतो, आणि ते पांघरूण पडलं होतं हिच्या डोक्यावर. मला कळायला पाहिजे होतं. तिनं तेव्हा सांगितलं नव्हतं, पण रिक्षात ती बाहेर बघत होती ते मी पाहिलं होतं. डोळ्यांसमोर होतं. मोजायचं राहिलं.

मी म्हणालो, "पुरत होतं बाळा. मीच सांडत होतो."

ती उठली. माझ्या हातातले ओले मोजे तिनं घेतले, एक झटकला, माझ्या डाव्या खांद्यावर टाकला. दुसरा झटकला, उजव्या खांद्यावर टाकला. नीट, काठाकाठानं. म्हणाली, "वाळवा आता."

मैत्री खिदळायला लागली. मालानं तोंडाला पदर लावला. प्रज्ञा माझ्या पाठीमागून गेली, जाता जाता दोन बोटं माझ्या मानेवर टेकवली, जशी ती तापलेल्या लेकीच्या मानेवर टेकवते, आणि स्वयंपाकघरात गेली.

मी हललो नाही. मोजे गार होते, पाणी बनियनपर्यंत झिरपलं. मैत्री अधूनमधून येऊन हात लावून बघायची आणि सांगायची, अजून नाही आबा, अजून ओले आहेत. मी म्हणायचो, बरं. घाई करून काही होणार नव्हतं. अंगात जेवढी ऊब आहे तेवढीच होती, आणि ती आपल्या चालीनं बाहेर येत होती.